महाग केबलनं चित्र सुधारतं का?
सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलनं टीव्हीचे रंग खुलतात, असं दुकानात सांगतात. तसं होत नाही. या केबलमधून शून्य आणि एक एवढेच अंक जातात. ते नीट पोहोचले, तर स्वस्त आणि महाग केबलचं चित्र अगदी सारखंच. नाही पोहोचले, तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र अडखळतं किंवा पडदा काळा होतो. रंग फिके पडत नाहीत. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं असेल, तर १८ गिगाबिटची केबल पुरते, फक्त ती फार लांब नको.

खरी काळजी घ्या ती छतावरच्या डिशच्या केबलची. पावसाळ्यात तिच्या जोडणीत पाणी शिरतं, तांबं गंजतं आणि चित्राचे चौकोन होतात. पैसे तिथल्या चांगल्या कनेक्टरवर खर्च करा.