सवलत आणि दरकपात : मुक्त अनुवादकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण

अनुवादाच्या व्यवसायात ‘दर’ म्हणजे मूळ मजकुराच्या प्रत्येक शब्दामागे मिळणारी रक्कम. मंदीच्या काळात अनुवाद-संस्थांकडून, म्हणजे ग्राहक कंपनी आणि अनुवादक यांच्या मधोमध उभ्या असलेल्या मध्यस्थांकडून, येणारी पत्रे याच एका शब्दाभोवती फिरतात. बाजार थंडावला आहे, ग्राहकाने अंदाजपत्रक आखडले आहे, तरी पुढील महिन्यापासून दर अमुक टक्के कमी करून सहकार्य करावे, असा त्यांचा ठरीव मजकूर असतो. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर हा मजकूर आला, २०२० च्या टाळेबंदीत आला आणि आता यंत्रानुवादाच्या जोरावर तो मंदीची वाट न पाहताही येऊ लागला आहे. अशा वेळी काही रक्कम सोडणे बहुतेकांना चुकत नाही. पण ती कोणत्या नावाने सोडली, यावर पुढच्या अनेक वर्षांचे उत्पन्न ठरते आणि या भाषणाचा विषय तेवढाच आहे.

मंदीत पगारदाराचे वेतन सहसा कापले जात नाही, ही वरवर चमत्कारिक वाटणारी गोष्ट अर्थशास्त्राला दीर्घकाळ परिचित आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ट्रूमन ब्यूली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत तीनशेहून अधिक मुलाखती घेऊन तिचा शोध घेतला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निष्कर्ष मांडला, की पगार कापल्यास मागे राहिलेल्यांचे मनोबल खचते, म्हणून मालक त्यापेक्षा काही जणांना कामावरून कमी करणे पत्करतात. गेलेला माणूस आपली कटुता बरोबर घेऊन जातो. मुक्त अनुवादकाच्या बाबतीत हा हिशेब लागूच होत नाही. तो कार्यालयात बसत नाही, त्याचा पडलेला चेहरा कोणाला दिसत नाही आणि त्याची नाराजी शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याचा दर कापणे ही संस्थेच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त काटकसर ठरते. त्यातही ज्याचे निम्म्याहून अधिक काम एकाच संस्थेकडून येते, त्याची स्थिती जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या ग्रंथात विवेचिलेल्या क्रेता-एकाधिकारासारखी असते, म्हणजे विकणारे अनेक आणि घेणारा एकच. अशा अनुवादकाला ठाम राहण्याचा उपदेश करणे सोपे असते, इतकेच त्याविषयी म्हणता येईल.

कपातीचे गणित मात्र प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. दर २० टक्क्यांनी घटला तर पूर्वीचीच रक्कम हाती येण्यासाठी २५ टक्के अधिक शब्द करावे लागतात, आणि दिवसाला दोन हजारांच्या आसपास शब्द करणाऱ्याला ते अडीच हजारांवर नेणे म्हणजे पुनर्वाचन सोडून देणे होय. शिवाय खर्च कापला जात नाही. महिन्याला ६०,००० रुपयांचे बिल होणाऱ्या अनुवादकाचा वीज, इंटरनेट, संगणक आणि सॉफ्टवेअरचा परवाना यांवर १५,००० रुपये खर्च होतो असे धरले, तर त्याची निव्वळ प्राप्ती ४५,००० रुपये होते; २० टक्के कपातीनंतर बिल ४८,००० वर येते, खर्च तेवढाच राहतो आणि प्राप्ती ३३,००० वर, म्हणजे जवळजवळ २७ टक्क्यांनी खाली येते.

याहून कावेबाज कपात दराला हात न लावता होते. अनुवाद-स्मृती म्हणजे पूर्वी केलेली वाक्ये त्यांच्या अनुवादांसह साठवणारा कोश. नवे वाक्य जुन्याशी जितके जुळते, तितका त्याचा मोबदला कमी, अशी श्रेणी संस्था ठरवते. १०,००० शब्दांच्या एखाद्या माहितीपुस्तिकेत ५,००० शब्द नवे, ३,००० अंशतः जुळणारे आणि २,००० तंतोतंत जुळणारे आहेत, आणि त्यांना अनुक्रमे पूर्ण, ६० टक्के व २५ टक्के दर मिळतो असे धरल्यास ७,३०० शब्दांचे पैसे होतात. मग एके दिवशी श्रेणी ‘अद्ययावत’ होते, अंशतः जुळणाऱ्यांना ४० टक्के आणि तंतोतंत जुळणाऱ्यांना शून्य. पैसे आता ६,२०० शब्दांचे. दर तोच राहिला, बिल १५ टक्क्यांनी घटले.

मराठीच्या बाबतीत या श्रेणीत मुळातच एक खोट आहे. ‘तुम्ही निवडलेली फाइल हटवली गेली आहे’ हे वाक्य स्मृतीत आहे आणि नव्या मजकुरात फाइलच्या जागी फोल्डर आला आहे, असे समजू. मूळ इंग्रजी वाक्यात सातपैकी एकच शब्द बदलला, म्हणून यंत्र साम्य ८५ टक्क्यांच्या वर मोजते. मराठीत मात्र फाइल स्त्रीलिंगी आणि फोल्डर पुल्लिंगी, त्यामुळे वाक्य ‘तुम्ही निवडलेला फोल्डर हटवला गेला आहे’ असे होते, सहापैकी चार शब्द बदलतात, आणि एखादे ‘निवडलेली’ नजरेतून सुटले तर दोष अनुवादकाच्या माथी येतो. लिंगवचनानुसार विशेषण आणि क्रियापद बदलणाऱ्या भाषेला इंग्रजीच्या मोजपट्टीने सूट मागितली जाते, हे व्याकरणाचे पुस्तक पुढे ठेवून दाखवता येण्यासारखे आहे. वाटाघाटीत याहून भक्कम मुद्दा क्वचितच सापडेल, आणि तो मांडण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. २०१७ च्या एप्रिलमध्ये गुगलने मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी न्यूरल यंत्रानुवाद सुरू केला, तेव्हापासून ‘यंत्राने केलेले तपासून द्या’ या कामाचे दरही याच तर्काने ठरू लागले आहेत.

मराठी लेखनव्यवहाराने या बाबतीत आणखी एक अडचण करून ठेवली आहे, ती म्हणजे ‘मानधन’ हा शब्द. मानधन देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, त्याविषयी बोलणे अशिष्ट समजले जाते आणि बोललेच तर त्याला ‘घासाघीस’ म्हणतात. व्यावसायिक अनुवादाच्या बिलावर हा शब्द नसावा. तिथे मूळ दर लिहावा आणि मंदीपुरते काही सोडायचे असेल तर ते त्याखाली वेगळ्या ओळीत ‘सवलत’ म्हणून, टक्केवारी आणि शेवटच्या तारखेसह लिहावे. दर कमी केला की संस्थेच्या संगणकात नवा आकडा चढतो आणि बाजार सावरल्यावर तो वाढवून मागणारा अनुवादक दरवाढ मागणारा ठरतो. सवलत मुदतीनंतर आपोआप संपते आणि ती पुढे चालू ठेवायची असेल तर मागण्याची पाळी संस्थेवर येते. सवलतीच्या बदल्यात साठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांत पैसे, दरमहा किमान शब्दसंख्येची हमी किंवा दुसरे पुनर्वाचन वगळणे, यांपैकी काहीतरी लेखी मागावे. नुसते ‘परवडत नाही’ हे उत्तर नव्हे.

संघटनेने किमान दर जाहीर करावा, अशी सूचना वारंवार होते. ती भावनेच्या दृष्टीने रास्त असली तरी स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी आपसांत किंमत ठरवणे आक्षेपार्ह आहे, आणि स्वतंत्र व्यावसायिक कायद्याच्या नजरेत एकमेकांचे स्पर्धक ठरतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ साली परिषद-दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तेथील दरनियमांना बेकायदा किंमतनिश्चिती ठरवले होते. खर्चाचे गणित शिकवणे, नमुना करार उपलब्ध करून देणे आणि मराठीसाठी जुळणीच्या श्रेणीवर व्याकरणाधारित टिपण तयार करणे हे मात्र संघटनेला खुशाल करता येईल. त्यातले शेवटचे काम या अधिवेशनाने हाती घ्यावे.

थकलेल्या पैशांचा प्रश्नही कपातीइतकाच जुना आहे, कारण सहा महिन्यांनी मिळालेला पूर्ण दर हाही कापलेलाच दर असतो. परदेशी संस्थांपुढे देशी कायद्याचा फारसा उपयोग नाही. भारतातील खरेदीदाराला मात्र सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म उपक्रमाचे पैसे करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. एकट्याने घरातून काम करणारा अनुवादकही अशी नोंदणी करू शकतो. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते, आणि तिला शुल्क नाही.