बाळाचा बाप ओसरीवर का?

आज हप्ता, कर्ज, व्याज यातलं काही बोलायचं नाही. पहिलटकरणीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पहिल्यांदा बाप झालेल्या पोराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आज त्याच्याबद्दल.

आपली रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ होतं तेव्हा बाप दुसऱ्या गावात, त्याला फोन जातो. मग तो पेढे नाहीतर जिलेबी घेऊन येतो. (मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, हे कोणी ठरवलं ते एकदा विचारायला पाहिजे.) खोलीत बाळंतीण, तिची आई, आजी, मावशी, काकू. सोयर आहे म्हणून जावईबापू ओसरीवर खुर्चीत चहा पितात. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ कोणीतरी दारापर्यंत आणतं, "नाक बापावर गेलंय" म्हणतं आणि आत नेतं. बारशालाही पाळण्यापाशी मान आत्याचा. बाप मांडवात पाणी वाटतो.

आणि सहा महिन्यांनी आपणच म्हणतो, "ह्याला साधं लेकरू धरता येत नाही." कसं येईल? धरू दिलंय कोणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. आठ दिवस ती दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात होती. घरी सोडताना सिस्टरांनी सांगितलं, हिला कपड्यात गुंडाळून नुसती निजवू नका, उघड्या छातीशी धरा. दिवसातून जितका जास्त वेळ धराल तितकं चांगलं. आई दमली की बापानं धरायचं.

बाप म्हणजे ट्रॅक्टर चालवणारा गडी. सासरवाडीच्या घरात आधी हशा पिकला, मग कुरबुर सुरू झाली. बाळंतिणीची आजी म्हणाल्या, "बाप्याच्या छातीत कसली आलीय ऊब? आणि जावई इथं राहणार? लोक काय म्हणतील?" त्या पोरानं वाद घातला नाही. आंघोळ केली, पुढून उघडणारा शर्ट घातला आणि खोलीत जाऊन बसला.

ही पद्धत का, ते सांगते. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्याची ऊब टिकत नाही. गार पडलं की त्याला दूध ओढायची ताकद राहत नाही, आणि दूध कमी गेलं की ते आणखी गार पडतं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून १९७८ च्या सुमाराला डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतं, तसं. आता आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही हे शिकवतात.

बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे नाक दबत नाही. वरून ओढणी बांधायची, त्यावर शर्ट. एका वेळी निदान तासभर तरी. अंगाला अत्तर नको, तोंडात तंबाखू नको, विडी तर नकोच. बाळ बांधून चुलीपाशी जायचं नाही. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत, किंवा ते स्वतःच वळवळून नको म्हणेपर्यंत हे चालतं. दूध मात्र आईचंच, दर दोन-तीन तासांनी.

पोरगा बारा दिवस सासरवाडीला राहिला. गावात चर्चा झालीच, व्हायचीच. पण तिसऱ्या दिवशी बाळंतीण सलग तीन तास झोपली. तिच्या आईनं मला सांगितलं, बाळंतपणानंतरची तिची ती पहिली झोप.

मोठ्या घराचं सुख मला कमी लेखायचं नाही. डिंकाचे लाडू करायला एकीचे हात, लंगोट धुवायला दुसरीचे. पण तेवढेच हात बाळालाही लागतात, आणि कोणी बोटाला मध लावून आणतं, कोणी नाळेला हळद, कोणी शेगडीवर ओव्याची धुरी. चीक पहिल्या तासाभरात पाजायचा, सहा महिने पाणीसुद्धा नाही, नाळेला काही लावायचं नाही, खोलीत धूर नाही, हे नव्या सुनेनं किंवा लेकीनं म्हटलं तर उलट उत्तर ठरतं. बाप म्हणाला तर चालून जातं, हे बरोबर नाही, पण आहे खरं. या पोरानं युक्ती केली. साबण आणि तांब्या आजींच्याच ताब्यात दिला. "आजी, हात धुतल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, हे तुमच्याकडं." मग काय, आजींनी सरपंचांनाही हात धुवायला लावले.

आणखी दोन-तीन कामं बापानंच करावीत. लेक माहेरी जाताना दोन्ही गावच्या आशाताईंना सांगायचं, नाहीतर घरभेटी हुकतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्याची कागदपत्रं अंगणवाडीत विचारायची. आणि बाळ दूध ओढेना, हातपाय गार पडले, धाप लागली, तळवे पिवळे दिसले, झटका आला, तर कोणाला विचारत बसायचं नाही. बाळ छातीशी धरायचं आणि दवाखाना गाठायचा. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

ती मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा काट्यावर अडीच किलो भरली. बारशाला पाळण्यात घालायला बापानंच आणली, आणि मग कानात कुर्र करायला आत्या पुढे आली. पेढे वाटले, बरं का.

ज्यांच्या घरी कोणी गरोदर आहे त्यांनी यावेळच्या मासिक बैठकीला मुलाला, जावयाला घेऊन या. आशाताई बाहुली आणणार आहेत, बांधून दाखवायला. ओढणी आपली आपण आणायची. नमस्कार.