जेऊरला उजळलेल्या रेघा



बडोद्यात प्रकाश आणि रंग यांविषयी बोलायचं, तर कलाभवनाचं नाव आधी घ्यायला हवं. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली इथे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवायला सुरुवात केली. रंगद्रव्य काही प्रकाश शोषून घेतं आणि जो उरतो तो आपल्याला दिसतो. आज मात्र कापड बाजूला ठेवून एकट्या अणूपाशी जायचं आहे, आणि त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला.

२२ जानेवारी १८९८. खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून देशावर आली, तेव्हा पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला उपकरणं मांडून सज्ज होते. त्यांच्या पुण्यातल्या वेधशाळेला भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींचं नाव होतं. तिच्या उभारणीला पैसाही त्यांनी दिला होता. जेऊरला नायगमवालांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली.

एरवी त्या रंगीत पट्ट्यात असंख्य काळ्या रेघा असतात. चंद्रानं तेजस्वी बिंब झाकलं, की काही सेकंद त्यांतल्या बऱ्याचशा रेघा आपापल्या जागीच उजळतात. असं का होतं?

टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्याकडे पाहा. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत पिवळी झाली. हा सोडियमचा रंग, ५८९ नॅनोमीटरचा. आता मागे कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा लावतो. पडद्यावर पाहा: ज्या ज्योतीतून पिवळा प्रकाश बाहेर पडतोय, तिचीच काळी सावली पडली आहे. मीठ नसलेल्या ज्योतीची अशी सावली पडत नाही. जो प्रकाश सोडियम बाहेर टाकतो, तोच तो शोषतोही. शोषलेला प्रकाश अणू जवळ ठेवत नाही; सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी वेळात परत फेकतो, पण वाटेल त्या दिशेला. म्हणून सरळ वाटेवर तो कमी पडतो आणि तिथे काळं दिसतं. सूर्याच्या वातावरणातही असंच घडतं: मागे झगझगीत बिंब असलं की रेघ काळी, बिंब झाकलं गेलं की तीच उजळ.

पण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्याच का, हे ग्रहणाच्या त्या दिवशी जगात कुणालाच सांगता आलं नसतं. इलेक्ट्रॉनचा शोध जेमतेम वर्षापूर्वीचा. पुढे थॉमसननं अणू म्हणजे धनविद्युतभाराचा गोळा आणि त्यात रुतलेले इलेक्ट्रॉन असं चित्र मांडलं. १९११ मध्ये रदरफर्डनं मधे इवलंसं अणुकेंद्र ठेवलं. त्यातली अडचण गंभीर होती. त्याभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रावर कोसळायला हवा. म्हणजे तुम्ही-मी इथे बसलेलो नसतोच!

१९१३ साली नील्स बोरनं धाडस केलं. इलेक्ट्रॉनला जिन्यासारख्या ठरावीक पायऱ्याच आहेत, मधे उभं राहायला जागा नाही, असं त्यानं गृहीत धरलं. वरून खाली उतरताना फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. वर चढायला नेमकी तेवढीच लागते. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला की ६५६ नॅनोमीटरची लाल रेघ मिळते. बाल्मर या स्विस शिक्षकानं १८८५ मध्ये केवळ आकड्यांवरून बसवलेलं सूत्र बोरच्या गणितातून आपोआप निघालं. विसाव्या शतकातल्या विज्ञानात इतकं देखणं उत्तर मला क्वचितच दिसतं.

तरीही हे चित्र अपुरं होतं, आणि ते अडलं हेलियमपाशी. दोन इलेक्ट्रॉनांचं गणित बोरच्या पायऱ्यांनी सुटेना. त्यासाठी १९२५-२६ मधली पुंजयामिकी यावी लागली.

हेलियम म्हटलं की आपल्याला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं तिथूनच त्याचा शोध लावला, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँसेन ग्रहण पाहायला गुंटूरला होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेलनं सूर्यज्वाळांच्या उजळ रेघा पाहिल्या. लॉकियरनं ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, हेलियमची ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेघ नोंदवली. तो विजयदुर्गला आला, पण १८९८ साली, नायगमवाला जेऊरला होते त्याच ग्रहणाला. दोन ग्रहणांची गल्लत त्यातूनच झाली असावी.

ही रेघ बिंबाच्या कडेलाच का सापडली? ती शोषायला हेलियमचा अणू आधीच सुमारे २१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायरीवर चढलेला हवा. सूर्यपृष्ठाच्या साडेपाच हजार अंश तापमानात तिथवर जवळजवळ कुणी पोचत नाही. म्हणून नेहमीच्या काळ्या रेघांत ती ठळक दिसत नाही. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला १८९५ मध्ये मिळाला.

उन्हाळ्याच्या सुटीत विजयदुर्गला जाल, तर तिथले 'साहेबाचे ओटे' मुलांना जरूर दाखवा. मात्र सांगताना १८९८ हे साल सांगा, आणि लॉकियरबरोबर जेऊरच्या नायगमवालांचंही नाव घ्या.