सिमिलिपालचा काळा वाघ

वाघ म्हटला कीं, पिवळ्या अंगावरील काळे पट्टे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ओडिशांतील मयूरभंज जिल्ह्यांत सिमिलिपालचें जें अरण्य आहे, तेथील कित्येक वाघांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळलेले असतात व त्यांची पाठ जवळजवळ काळीच दिसते. या रंगाचें कारण २०२१ सालीं उलगडलें. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेंतील उमा रामकृष्णन्, विनय सागर व त्यांचे सहकारी यांनीं तें वाघांच्या जीनोममधून वाचून काढलें.

जीनोम म्हणजे प्राण्याच्या आनुवंशिक माहितीची संपूर्ण पोथी. ती चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेली असते, आणि वाघाच्या पोथींत अशीं सुमारें २४० कोटी अक्षरें भरतात. ती वाचण्यासाठीं वाघ मारावा लागत नाहीं. पुष्कळदां तो पकडावाहि लागत नाहीं. वाटेवरची विष्ठा किंवा झाडाच्या सालीला चिकटलेले केस यांतूनहि कामापुरतीं पानें हातीं येतात.

काळ्या व साध्या वाघांच्या पोथ्या ताडून पाहतां फरक सांपडला तो अवघ्या एका अक्षराचा. ‘टॅक्पेप’ नांवाच्या जनुकांत तें अक्षर बदललेलें आहे. घरच्या मांजराच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवणहि हेंच जनुक ठरवितें. मात्र आई व बाप या दोघांकडूनहि बदललेली प्रत आली, तरच पिलूं काळें होतें.

आतां यांतील मर्म पाहावें. इतर अरण्यांतील ज्या वाघांची तपासणी झाली, त्यांत हा बदल आढळला नाहीं. सिमिलिपालांत मात्र तीन वाघांत सुमारें एक काळा निघाला. मूळचे वाघ थोडे, बाहेरून येण्याची वाट तुटलेली, आणि म्हणून जवळच्या नात्यांतच जुगणी. तेव्हां काळा रंग हा स्वतः रोग नसला, तरी तो कोंडलेल्या कुळाची खूण आहे. ज्या रीतीनें हा निरुपद्रवी बदल वाढला, त्याच रीतीनें एखादा घातक दोषहि उद्यां वर येऊं शकेल.

यावर उपाय एकच, बाहेरचें रक्त. त्यासाठीं २०२४ च्या अखेरीस चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी प्रकल्पांतून जमुना व झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालांत नेण्यांत आल्या. झीनत तेथें ठरली नाहीं. डिसेंबरांत ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालांत शिरली. अखेर बांकुरा जिल्ह्यांत तिला गुंगी देऊन धरावें लागलें व परत आणावें लागलें.

नव्या रक्ताचीहि किंमत आहे. तें मिसळत गेलें, तर काळीं पिलें विरळ होतील. ज्या नवलासाठीं सिमिलिपालची ख्याति झाली, तेंच नवल कमी होणार. आणि तरीहि कुळ टिकवावयाचें असेल, तर हा सौदा करणेंच भाग आहे. जीनोमचें वाचन रोगाचें निदान करितें, औषध देत नाहीं. वाघिणींना मोटारींतून किती वेळां न्यावयाचें? ज्या रानवाटांनीं वाघ पूर्वीं आपल्या पायांनीं एका अरण्यांतून दुसऱ्यांत जात, त्या पुन्हां मोकळ्या होणें हाच खरा इलाज होय.