हरलेल्या डावांची वही
(संस्थेच्या वार्षिक समारंभात उंब्रज येथे केलेले भाषण)



आज येथे ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी केले आहे. मी बोलणार आहे ते हरण्याविषयी. या विषयावर बोलण्याचा मला पुरेपूर अधिकार आहे, कारण बुद्धिबळात मी चाळीस वर्षे हरत आलो आहे.

हा खेळ आपल्या मातीतला. चतुरंग या नावाने तो येथून इराणात गेला, तेथून अरबांकडे गेला आणि शतरंज झाला. शह, मात, वजीर, प्यादे हे आपण रोज वापरतो ते शब्द त्याच प्रवासातून परत आले. बगदादमध्ये नवव्या शतकात अल्-अदली आणि दहाव्या शतकात अस्-सूली या खेळाडूंनी शतरंजवर ग्रंथ लिहिले. अस्-सूलीने मांडून ठेवलेला एक डाव हजार वर्षे कोणाला सुटला नाही. सोव्हिएत ग्रँडमास्टर आव्हेरबाख यांनी तो १९८० च्या दशकात सोडवला. न सुटलेला डाव लिहून ठेवला, म्हणूनच तो पुढे कोणाला तरी सुटला, एवढे ध्यानात ठेवा.

आता माझी हकिकत. मी एका सहकारी सोसायटीत कारकून होतो. खेळ अब्बांकडून शिकलो, तोही देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, आणि शह लागण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. संध्याकाळी काम सुटले की एका सायकल दुकानाच्या फळीवर आमचा पट पडे. आम्ही दहा-बारा जण खेळत असू. त्यांत मी पहिला. चाफळच्या, मसूरच्या बाजूने कोणी पाहुणा आला, की त्याला माझ्यासमोर बसवीत आणि मी त्याला हरवीत असे. इंग्रजी पद्धतीचे नियम पुढे ऐकून ऐकून शिकलो, आणि सगळे आले असे समजून बसलो.

त्या भरात १९८४ च्या सुमारास मी एस.टी.ने एका शहरात स्पर्धेला गेलो. समोर आला तेरा वर्षांचा मुलगा. मी एक प्यादे दोन घरे पुढे सरकवले. त्याने शेजारच्या घरातले आपले प्यादे तिरके पुढे टाकले आणि माझे प्यादे उचलून बाजूला ठेवले. मी मोठ्याने म्हणालो, "अरे, ते त्या घरात नव्हतंच!" पंच आले. त्यांनी शांतपणे नियमांचे पुस्तक उघडून दाखवले. दोन घरे टाकून निसटणारे प्यादे लगेच पुढच्याच चालीला वाटेत मारता येते, हा नियम मला ठाऊकच नव्हता. पुढे वीस-बावीस चालींत मी मात झालो. त्या दोन दिवसांत सहा डाव खेळलो, त्यांतला एक जिंकला.

परतीच्या गाडीत मी सबबी शोधू लागलो. शहरातल्या मुलांना पुस्तके मिळतात, शिकवणारे मिळतात. शिवाय आपली स्मरणशक्ती कमी पडते. पुष्कळ वर्षे मी हेच सांगत होतो. पण १९७३ साली चेस आणि सायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याबाबत केलेला प्रयोग पुढे माझ्या वाचनात आला. त्यांनी पट पाच सेकंद दाखवला आणि मग झाकला. खऱ्या डावातली मांडणी असली की निष्णात खेळाडूला बहुतेक मोहरी आठवत; नवशिक्याला चार-पाचच. पण मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, की निष्णाताची अवस्था जवळजवळ नवशिक्यासारखीच होई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जन्मतः वेगळी नसते. ओळखीच्या मांडण्या पाहून पाहून त्याची नजर तयार झालेली असते. माझी मुख्य सबब तेथे संपली.

सुलतान खान यांचे उदाहरण तर सबब सांगणाऱ्याला बोलूच देत नाही. पंजाबातल्या खेड्यातला हा माणूस, सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी पद्धतीचा खेळ खेळत तो वाढला, इंग्रजी पद्धत मागाहून शिकला, पुस्तकी विद्या जवळ नव्हती. १९२९ साली तो विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. मधल्या काळात हेस्टिंग्ज येथे कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवले. १९६६ साली तो वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली!

अशी प्रतिभा सर्वांना नसते. मला तर नव्हतीच. पण आपण कोठे चुकतो हे पाहायला प्रतिभा लागत नाही, वही लागते. मी घरांना अक्षरे आणि आकडे देऊन डाव लिहायला शिकलो आणि हरलेला प्रत्येक डाव सोसायटीच्या रोजकिर्दीसारखा टिपू लागलो. जिंकलेले लिहिले नाहीत. ते माणसाला आपोआप आठवतात. वर्षभराने वही उघडली तेव्हा लाज वाटली. मी हरत होतो तो गहन डावपेचांमुळे नव्हे. समोरच्याने चाल केली की ती का केली हे न पाहता मी आपलीच ठरलेली चाल करीत होतो. दुसरा दोष असा, की फळीवर माझे डाव सापळ्यांवर संपत, त्यामुळे डावाचा शेवट मला येतच नव्हता. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, एवढ्या साध्या मांडणीत जिंकलेला डाव मी बरोबरीत घालवीत होतो. राजा प्याद्याच्या मागे न ठेवता पुढे काढावा लागतो, हे मला पस्तिशीत कळले.

सुधारणा झाली ती बेताचीच. गुणांकनाच्या पद्धतीत दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असला, तर वरच्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे खालच्याच्या वाट्यालाही २४ उरतात. त्या चोविसांवर मी समाधान मानायला शिकलो.

पण त्या वहीत आणखी एक नोंद आहे. तीच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

१९९० च्या सुमारास एका रात्री मी हरलेला डाव पुन्हा मांडून बसलो होतो. मुलाला मी खेळ शिकवला होता, त्याला गोडी लागली नाही. मुलीला शिकवला नव्हता. ती दहा वर्षांची, दारात उभी राहून पाहत असे. त्या रात्री ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही घोडा हलवलात, पण तो घोडाच तर हत्तीला राखत होता." मी वही पाहिली. तिचे बरोबर होते. मी तिच्या अक्षरात ती चूक वहीत लिहवून घेतली. त्यानंतर ती माझ्याशी खेळू लागली आणि दोन वर्षांत मला हरवू लागली.

त्याच काळात सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकर नूतन बुद्धिबळ मंडळात मुलामुलींना शिकवीत होते. सांगलीच्याच भाग्यश्री साठे, पुढच्या ठिपसे, १९८५ पासून राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवीत होत्या. त्याआधी १९७६ साली रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. ती पुरुषांच्या स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण जागतिक संघटनेचे अध्यक्ष डॉ. युवे यांनीच निर्णय दिला की स्त्रियांना अडवता येणार नाही. हे सारे मला माहीत होते. कराडहून सांगलीची गाडी मिळत होती. मुलीने दोनदा विचारले, "अब्बा, मला स्पर्धेला नेता का?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

ते पुढचे वर्ष आले नाही. कोणी मला अडवले नव्हते. लोक काय म्हणतील हे मीच मनात ठरवून टाकले होते. सांगलीची स्वाती घाटे माझ्या मुलीच्याच वयाची, १९८० सालची. ती पुढे महिला ग्रँडमास्टर झाली. माझी मुलगी तशी झाली असती असे मी म्हणत नाही. तिने खेळून हरायला हवे होते. हरण्याचा जो हक्क मी स्वतः चाळीस वर्षे उपभोगला, तो मी तिला दिला नाही. त्या वहीतला हा एकच डाव असा, की जो पुन्हा मांडता येत नाही.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मुलीचा सासरहून फोन आला. "अब्बा, बघितलंत का?" एवढेच म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

विद्यार्थी मित्रहो, गणितात नापास झालात, शर्यतीत मागे पडलात, तर वही काढा आणि कोठे चुकले ते लिहा. सबब लिहू नका. आणि पालकहो, आपली मुलगी दारात उभी राहून काही पाहत असेल, तर तिला आत बोलवा, समोर बसवा. "पुढच्या वर्षी" म्हणू नका.