सही आपली, तर कागदही आपणच वाचायचा

(हरसूल येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



गटाची बैठक बसली की वही उघडते. कुणाची बचत किती, कुणाकडे कर्ज किती, कुणाचा हप्ता थकला, सगळं मोठ्यानं वाचलं जातं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. मग ग्रामपंचायतीत निवडून जाणाऱ्याची वही आपण कधी वाचली का?

अशी वही असते बरं का. सरपंच असो की सदस्य, अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. जमीन, घर, दागिने, बँकेतला पैसा, नवऱ्याची किंवा बायकोची मालमत्ता, डोक्यावरचं कर्ज, शिक्षण, आणि कोर्टात केस असेल तर तीही. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांच्या बाबतीत सांगितलं, की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे. पुढे राज्य निवडणूक आयोगाने तेच गावापर्यंत आणलं.

आपला भाग पेसात. सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, आणि निम्म्या जागा बायकांना. म्हणजे सही करणारा हात बऱ्याचदा आपलाच. कागद मात्र नवरा नाहीतर दीर भरून आणतो आणि म्हणतो, "कर इथं सही." त्यात काही खोटं लिहिलं असेल तर विचारणा कुणाला होणार? जिची सही तिलाच.

माझंच सांगते. मी उभी राहिले आणि पडले. घरचे म्हणाले, "हरलीस ना, आता कसला हिशोब?" मीही गप्प बसले. मग नोटीस आली! निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाच असतो, जिंकलेल्याने, हरलेल्याने, बिनविरोध आलेल्यानेसुद्धा. नाही दिला आणि कारणही पटलं नाही, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14-ब खाली पाच वर्षं निवडणूक बंद. जीपभाड्याची पावती, पत्रकांचं बिल शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. गटाची वही मी लिहिते, आणि स्वतःची लिहिली नव्हती!

गटाचं कर्ज लिहायचं का, असं एका ताईनं विचारलं. मी म्हणते लिहा. लपवण्यासारखं त्यात आहे काय?

निवडून आल्यावरही जपायचं. पंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, आडून का होईना, हिस्सा असला तर कलम 14 खाली पद जाऊ शकतं. गटारीचं काम घरच्याच माणसाला द्यायचं ठरत असेल, तर आधी विचारून घ्या.

ग्रामसेवकाचं वेगळं. तो नोकरदार, त्याच्या मालमत्तेचा हिशोब त्याच्या कार्यालयाकडे. मोठं जनहित दाखवल्याशिवाय तो मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलंय. पण पंचायतीचा जमाखर्च आपलाच आहे. तो ग्रामसभेत मागा, आणि त्याआधी महिला सभा होते तिथंही मागा. नाहीच दाखवला तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना तोही लागत नाही.

पुढच्या बैठकीला मी शपथपत्राचा कोरा नमुना आणते. आपण तो भरून बघू. चष्मे घेऊन या.