दृष्टिपटलाखालील रेशमी चकती
(एका भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पदवी कला शाखेची आणि नोकरी माहिती खात्यातली. परंतु दृष्टी मालवत चाललेल्या माणसाच्या घरची मंडळी ‘काही उपाय निघाला का हो?’ असे विचारतात, तेव्हा खरे ते सांगता यावे, एवढ्यासाठी हा विषय समजून घेतला.

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार बहुधा रातांधळेपणाने सुरू होतो. (‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा निराळा, तो वेळीच उपचार केल्यास बरा होतो.) या विकारात दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने मरतात. मात्र त्यांचा संदेश घेऊन तो मेंदूकडे धाडणाऱ्या आतल्या पेशींपैकी पुष्कळशा जिवंत राहतात. ऐकणारा जागा आहे, बोलणारा गेला, अशी ही अवस्था.

हे तुटलेले संभाषण जुळविण्याचा प्रयत्न इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी केला. सौर घटांच्या संशोधनात वापरले जाणारे ‘पी-३-एच-टी’ नावाचे पॉलिमर, म्हणजे बहुवारिक, त्यांनी निवडले. प्रकाश पडताच त्यात विद्युतभार निर्माण होतात. या पॉलिमरच्या पातळ थरावर वाढविलेल्या चेतापेशी प्रकाशाच्या झोताने उद्दीपित होतात, हे २०११ मध्ये दिसून आले. पुढे रेशमातील प्रथिनाचा आधार, त्यावर वीजवाहक पॉलिमर आणि वर हे प्रकाशग्राही पॉलिमर, अशी चकती तयार झाली. तिला ना तार, ना बॅटरी, ना कॅमेरा! आनुवंशिक अंधत्व आलेल्या उंदरांच्या दृष्टिपटलाखाली ती बसविली असता त्यांची प्रकाशसंवेदना व दृष्टीची तीक्ष्णता काही अंशी परतली आणि सहा ते दहा महिने टिकली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये याच पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण उंदरांच्या डोळ्यात सुईने सोडूनही दृष्टीत सुधारणा झाली. ही पद्धत मला अधिक आशादायक वाटते. चकती तिच्या आकाराएवढीच जागा व्यापते, कण मात्र दूरवर पसरू शकतात.

पेशी नेमकी कशाने जागी होते, विद्युतभाराने की प्रकाशाच्या उष्णतेने, यावर शास्त्रज्ञांत वाद झालेला आहे. उंदराला काय ‘दिसले’, हे तर त्याच्या वागण्यावरून आणि मेंदूतील विद्युत्-नोंदींवरूनच ताडावे लागते.

तेव्हा त्या घरच्या मंडळींना मी सांगतो, की हा उपचार म्हणून माणसासाठी आज उपलब्ध नाही. त्याच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. नेत्रतज्ज्ञांकडील तपासणी चुकवू नका, आणि पांढऱ्या काठीने चालण्याचे शिक्षण दृष्टी थोडी शिल्लक आहे तोवरच सुरू करा.